गुलाब म्हणून लावलेला ऊद

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तर मी लावते. हळदकुंकू सून लावते, वाण सून देते, तिळगूळ सून वाटते. आमचे हे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला कुणी काही बोललं नव्हतं, पण आलेल्या बायकांच्या नजरा कुंकवाच्या तबकावरून माझ्या हातावर आल्या आणि तिथून भलतीकडेच वळल्या. तेव्हा मी तबक सुनेकडे सरकवलं आणि अत्तरदाणी उचलली. नवरा गेलेल्या बाईने अत्तर लावावं का, याबद्दल शास्त्र काय म्हणतं ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं नाही तर शास्त्र गप्प बसतं, असा माझा अनुभव आहे.

शिवाय अत्तर माझ्याच हातात शोभतं, हे सगळ्या मानत होत्या. नाक ही माझी इस्टेट. स्नेहलतागंजच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी इतकी वर्षं राहिले. जिना चढता चढता मी सांगायची की पहिल्या मजल्यावर दाल-बाफले आहेत, समोरच्यांकडे कालची कढी पुन्हा गरम होते आहे, आणि यांनी ऑफिसातून येताना पान खाल्लं आहे, त्यात किमाम होता. चैत्रगौरीला मोगरा, उन्हाळ्यात खस, संक्रांतीला हिना, हे आमच्या ओळखीच्या बायका माझ्याकडून शिकल्या. तरुणपणी तर मी या नाकाने अक्षरशः कांदे सोलले. कुणी नवीन साबण वापरला तरी मी त्यावर मत द्यायची. आज ती बाई मला जिन्यात भेटली तर मी तिला म्हणेन, बाई गं, जरा श्वास घे, नुसतं हुंगू नकोस.

या नाकाची पहिली फजिती उदानेच केली होती. धूपाटण्यात घालतो तो ऊद नव्हे. अगराच्या लाकडाचं अत्तर, त्यालाही ऊदच म्हणतात. माझे सासरे ते लावायचे. त्यांच्या घरात होळकरांच्या वेळची कारकुनी चालत आलेली. नोकरी गेली, रुबाब कानात राहिला. रोज आंघोळ झाली की कापसाचा इवलासा फाया उदात टेकवून ते कानाच्या पाळीत वर खोचायचे आणि मग वर्तमानपत्र उघडायचे. जवळून गेलं की आधी काहीतरी कडवट यायचं, चामड्यासारखं, घोड्याच्या खोगिरासारखं. मग जुनं लाकूड. आणि ते उठून गेल्यावर खुर्चीपाशी उरायचा एक गोडवा, गूळ करपण्याच्या अलीकडचा.

मी नवी नवरी, धारहून आलेली, स्वतःला फार समजायची. बडा गणपतीजवळच्या त्या घरातल्या माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला मी सासऱ्यांची कुपी उघडली आणि आमच्या माहेरी गुलाबाचं अत्तर लावतात तसं मानेला, मनगटांना, पदराला सढळ हाताने चोपडलं. बायका येत होत्या, माझ्या जवळ येईपर्यंत हसत होत्या आणि मग लांब जाऊन बसत होत्या. मला वाटलं, माझ्या रूपाने दबून गेल्या. शेवटी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सूनबाई, आज घरात दोन सासरे कसे गं?"

रात्री जेवताना सासरे एवढंच म्हणाले, "ऊद टोचायचा असतो. फासायचा नसतो." आणि आमटी मागितली. त्या दिवशीचा शालू पुढे कितीदा धुतला, उन्हात टाकला. पण त्याची घडी उघडली की आधी सासरे बाहेर यायचे.

हे सगळं मला आठवतं. वास आठवतो असं म्हणतात ते खरं नाही, वासाभोवतीचं आठवतं. पण त्या उदाची ती तीन पावलं मला डोळे मिटून दिसतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात नाकाचा काही उपयोग झाला नाही.

गेल्या पावसाळ्यात ताप आला. साधाच. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना माझं नाक घेऊन गेली. पहिले काही दिवस मी म्हटलं, येईल. मग एक दिवस फोडणीत हिंग घातला आणि काहीच झालं नाही. पुन्हा घातला. त्या दिवशीचं वरण खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने चाखलं आणि म्हणाली, "अगं, डब्बाच उलटवला का?" मी म्हटलं, "गॅसेस झालेत."

त्या वयात नाक वर करून चालणारी मी या वयात चोरासारखी वागायला लागले. मोहरी तडतडण्याचा आवाज ऐकायचा. दुधासमोरून हलायचं नाही. भाजी कडेने काळी पडते का ते चष्मा लावून बघायचं. एकदा दूध लागलं, मैत्रीण जिन्यातूनच ओरडली, तर मी म्हटलं, "मुद्दाम लावलंय, मला खरवड आवडते." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिच्याशी माझी मैत्री मुलं लहान असल्यापासूनची आहे. मला खरवड आवडत नाही हे तिला माहीत आहे.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. दिवाळीनंतर एकदा भाजी आणायला गेले, परत आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले आणि मला दिसलं की शेगडीचं एक बटण अर्धं फिरलेलं आहे. ज्योत नव्हती. कपडा मारताना हात लागला असेल. खिडकी उघडी होती म्हणून, नाहीतर... मी बटण बंद केलं, पंखे लावले, दार उघडं टाकलं आणि जिन्यात पायरीवर जाऊन बसले. घरात गॅस भरलेला होता की नव्हता, आता गेला की अजून आहे, मला काही कळत नव्हतं. वरचे शेजारी उतरले आणि म्हणाले, "क्या हुआ माताजी, चाबी भूल गए?" मी म्हटलं, "हाँ."

सांगायचं नाही असं ठरवण्याचं कारण साधं होतं. हे गेले तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, तुला इथे एकटीला राहायचंय तर राहा. पण एक जरी गडबड झाली ना, मग मी ऐकणार नाही. सरळ आमच्याकडे." त्यांचं घर बायपासच्या पलीकडे, मोठ्या टाउनशिपमध्ये. घर छान आहे. फाटकावरचा गार्ड दर वेळी विचारतो, "किसके यहाँ जाना है?" आणि मला दर वेळी वाटतं की हा माणूस बरोबर विचारतोय. स्नेहलतागंजात मला कुणी असं विचारत नाही. इथे स्टेशनावरच्या गाड्यांच्या भोंग्यांवर माझा दिवस चालतो, भाजीवाला मला भेंडी निवडू देतो, आणि यांची खुर्ची खिडकीशी आहे. ती खुर्ची तिकडे नेली तर ती नुसती खुर्ची होईल. तेव्हा नाक गेलंय हे लपवणं म्हणजे घर राखणं होतं.

मग संक्रांत आली. सून दुपारपासून येऊन मदत करत होती. चांगली आहे. तिचं मराठी अर्धं हिंदी, पण कामाला वाघीण. बायका यायच्या आधी तिने पर्समधून एक जड बाटली काढली. काळी काच, सोनेरी टोपण, वर अरबी अक्षरं, टोपणाला लागून काचेची कांडी.

"यांनी दुबईहून आणलंय, आई. खास तुमच्यासाठी. हिना राहू द्या आज, हेच लावा सगळ्यांना."

मी कांडी नाकाशी नेली. काहीच नाही. पाणी हुंगावं तसं. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. मागच्या खेपेला मुलाने तिथूनच गुलाब आणला होता, म्हणून मी डोळे अर्धे मिटले, मान डोलावली आणि म्हटलं, "अहाहा. गुलाब बघ कसा, खरा."

ती काही बोलली नाही. तितक्यात बेल वाजली, म्हणून मला वाटलं, बेलेमुळे बोलली नाही.

खोली भरली. सून कुंकू लावत पुढे, मी अत्तर घेऊन मागे. गुलाबाला कंजूसपणा करायचा नसतो, म्हणून मी कांडी बुडवून बुडवून प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर मनगटापर्यंत ओढत होते आणि वर सांगत होते, "घ्या, गुलाब आहे, अस्सल." पहिली बाई हात नाकाशी नेऊन थांबली. दुसरी "वा" म्हणाली, पण त्या वाचं शेपूट जरा लांबलं. एकीने पदर नाकाला लावला. कुणीतरी उठून खिडकी उघडली, जानेवारीत. माझी खालची मैत्रीण हात पुढे करून हुंगत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा गुलाब कोणत्या बागेतला? हा तर सुताराच्या बागेतला दिसून राहिला."

बायका हसल्या. मीही हसले. काहीतरी मोठं चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. पुढ्यात एवढे चेहरे आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. हातात कांडी तशीच, थेंब खाली सतरंजीवर पडतोय.

तेव्हा सून पलीकडून म्हणाली, "आई मजाक करून राहिल्या तुमची. ऊद आहे तो. थंडीचा आहे ना, म्हणून."

"मग," मी लगेच म्हटलं, "बघत होते कुणाला कळतंय ते. एकीचं नाक धड नाही."

पुन्हा हशा झाला. पण सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्या क्षणी समजलं की तिला समजलं आहे. ऊद. पन्नास वर्षांनी पुन्हा तोच, आणि पुन्हा मी तो फासला होता. त्या वेळी निदान मला वास तरी येत होता.

बायका गेल्या. ती ओट्याशी वाट्या विसळत होती, मी बाजूला पुसत होते. पाणी बंद करून ती म्हणाली, "आई, डोळे मिटा."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

"मिटा ना. एक मिनट."

मिटले. माझ्या नाकासमोर काहीतरी आलं. पितळी झाकणाची टिचकी ऐकू आली. त्या डबीचं झाकण घट्ट आहे, उघडताना असंच वाजतं, मी ती डबी किती वर्षं उघडते आहे.

"काय आहे?"

मी जरा हुंगण्याचं सोंग केलं. "हिंग. एवढं कळत नाही होय मला?"

बरोबर की चूक ते बघायला मी डोळे उघडले. डबी तिच्या हातात होती, झाकण गच्च लावलेलं.

"मी उघडलीच नाही, आई," ती म्हणाली. "नखाने वाजवली नुसती."

पितळ उघडं पडणं म्हणतात ते असं, डबी बंद असताना.

मी यांच्या खुर्चीत जाऊन बसले. ती हात पुसत समोर आली आणि मोढ्यावर बसली. मला वाटलं, आता फोन लावेल. तिने विचारलं, "गॅसचा?"

"नाही येत."

"कधी झालं काही?"

खोटं तोंडाशी तयार होतं. पण सगळ्या बायकांसमोर तिने मला झाकलं होतं, आणि झाकणाऱ्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे जरा जास्तच. मी बटणाची गोष्ट सांगितली. ऐकताना तिचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. मग ती उठली, सिलिंडरवरचं रेग्युलेटर काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पर्समध्ये घातलं. जिथून अत्तर निघालं होतं त्याच पर्समध्ये.

"उद्या इंडक्शन पाठवते. यांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

"कधी?"

"ते तुम्ही बघा. पण सांगायचं."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागाशी मला भांडता येतं. मी विषय बदलायला म्हटलं, "कसा आहे गं तो ऊद? सांग तरी."

तिने स्वतःचा हात हुंगला. असल्या कामाची तिला सवय नाही. तिच्यासाठी वास दोनच, चांगला आणि "छी". तरी ती प्रयत्न करत होती. "मतलब... बंद खोलीत कुणी लाकूड कापलं ना, तसा. पहिले तर दवाखान्यासारखा होता. आता कमी झाला. भारी आहे. खूश नाही करत माणसाला."

"बरोबर," मी म्हटलं. "तो खूश करायला येत नाही. पुढे?"

"पुढे काय?"

"खाली काही गोड आहे का?"

ती पुन्हा हुंगत राहिली. "नाही, आई. मला तर नाही येत."

तो यायला वेळ लागतो, हे मी तिला सांगितलं नाही. घरी पोचून हात धुवायच्या आधी तिला कदाचित आला असेल. मी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस घर उदाने भरलेलं होतं म्हणे. दूधवाला दारातून म्हणायचा, "माताजी, इत्र की दुकान खोल ली क्या?" मैत्रीण पडदे झटकायची आणि माझ्या सासऱ्यांच्या नावाने ओरडायची, मी तिला त्यांची गोष्ट सांगितली होती म्हणून. सगळ्या जगाला माझ्या घराचा वास येत होता आणि मी त्यात बसून इंडक्शनवर खिचडी करत होते. मग एक दिवस मैत्रीण म्हणाली, "गेला गं बाई एकदाचा." मी अजून मुलाला सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, मी त्याला भाजीचे भाव सांगायची.

होळीच्या आधीची दुपार. मी यांच्या खुर्चीत वाटाणे सोलत होते आणि अचानक मला वास आला.

लाकूड. जुनं, कोरडं, आतून गरम झालेलं. मी हलले नाही, हललं तर जाईल म्हणून. इतक्या महिन्यांनी. सासरे नुकतेच माझ्या शेजारून उठून गेले असावेत, असा. मला हसू यायला लागलं. नाक परत आलं, आता कुणाला काही सांगायला नको, रेग्युलेटर परत मागवायचं, मुलाला काही कळायचं कारण नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाची डबी उघडली, या वेळी खरीखुरी. लाकूड. कापूर नाकाशी धरला. लाकूड. आलं ठेचलं. लाकूडच.

तेव्हा माझ्या हातातून बत्ता पडला. कारण मला कळलं की हा वास कशाचाच नसेल, किंवा खरंच काहीतरी जळत असेल, आणि दोन्हीतला फरक मला कळणार नाही. मी भिंतींना हात लावून बघायला लागले. स्विचबोर्ड गार होता. फ्रिजच्या मागे हात घातला. इस्त्री कपाटात होती. देवघरातलं निरांजन विझलेलं होतं, तरी मी त्यावर पाणी ओतलं. वास वाढत चालला होता, किंवा मला तसं वाटत होतं. शेवटी मी बाल्कनीत गेले आणि खाली वाकून मैत्रिणीला हाक मारली. कधी मारणार नाही असं ठरवलेली हाक.

ती गुडघे धरत वर आली. धापा टाकत सगळ्या खोल्यांतून फिरली, पडदे हुंगले, गादी हुंगली, शेवटी माझं डोकं हुंगलं.

"काही नाही गं. आल्याचा येतोय फक्त."

"लाकूड?"

"कसलं लाकूड?"

"ऊद असेल. पडद्यात."

"तो केव्हाच गेला. तूच पडदे धुतले ना." तिने देवघरातलं पाणी पाहिलं, भिजलेली वात पाहिली, आणि इतकी वर्षं माझ्या प्रत्येक खोटेपणाला टोमणा मारणारी ती बाई त्या दिवशी पदर खोचून देवघराकडे वळली. फडकं घेऊन पुसायला लागली.

तिने टोमणा मारला असता तर मी कदाचित आणखी एक महिना काढला असता. ती पुसत होती तेव्हाच मी मुलाला फोन लावला. भर दुपारी माझा फोन बघून तो घाबरला. "काय झालं, आई?"

"काही नाही. रविवारी गाडी घेऊन ये. मोठी आण, खुर्ची आहे."

आता मी बायपासपलीकडे आहे. खुर्ची इथल्या खिडकीत ठेवली आहे आणि व्हायची तीच झाली आहे. गार्ड आता विचारत नाही, नुसता सलाम करतो. ते मला जास्त लागतं. ऊद अधूनमधून येतो, बहुतेक दुपारी. तो आला की मी सुनेला हाक मारते, ती जिथे असेल तिथून येते, चारही बाजूंना हुंगते आणि म्हणते, "काही नाही, आई." मी "बरं" म्हणते. दोघींना त्याची सवय झाली आहे.

परवा तिने उत्तर द्यायला वेळ लावला. मी पुन्हा विचारलं. ती दारातच उभी होती, नाक आक्रसून, मग पळत स्वयंपाकघरात गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला, पाणी सोडल्याचा आला. परत आली तेव्हा ओशाळली होती.

"भाजी लागली, आई. फोनवर होते ना. पूर्ण घरात वास भरलाय." मग खिडकी उघडत म्हणाली, "बघा, तुम्हाला आला."

मी हो म्हटलं. मला येत होता तो ऊदच.